फंडाच्या अर्जावरच्या दोन सह्या

३ फेब्रुवारी

फिलामेंट विभागातल्या बायांनो, दर महिन्याला पगारातून फंड कापताना कोणी आपल्याला विचारलं नव्हतं, की तू कोण, खरी की खोटी? कापायला ओळख लागत नव्हती. तोच पैसा परत मागायला गेलं की खिडकीतून पहिला प्रश्न येतो — तुम्ही कोण?

इथे टाळी पडायची. आज समोर एक टेबल, दोन खुर्च्या आणि तपासायची प्रुफं. तरी उभं राहून मोठ्याने म्हणून पाहिलं. शेजाऱ्याने भिंतीवर दोनदा थाप मारली. तीही टाळीच धरते.

कारण आहे म्हणून बोलले. बोळकीचं पत्र आलं. तिला फंड मिळाला. माझ्या यादीतली ती शेवटची. यादी काढली आणि तिच्यापुढे खूण केली. अठ्ठावन्न नावं, अठ्ठावन्न खुणा. ज्या वारल्या त्यांच्या मुलांना मिळाला, तिथेही खूण.

बल्बचा कारखाना बंद झाला त्या दिवशी फाटकावर मी म्हणाले होते — आपल्या विभागातल्या शेवटच्या बाईला तिचा फंड मिळेपर्यंत मी माझ्या फंडाला हात लावणार नाही. दहा वर्षं होत आली. लावला नाही. लोकांनी वेड्यात काढलं. भाचा अजून काढतो.

आता माझी पाळी.

४ फेब्रुवारी

भाचा फोनवर — "मावशी, ते सगळं ऑनलाइन होतं गं आता. घरबसल्या." बंद पडलेल्या कंपनीचं होत नाही, म्हणून सांगितलं. त्याला घाई होती. सव्वादोन मिनिटं बोललो. मागच्या महिन्यापेक्षा जास्त.

७ फेब्रुवारी

फंडाच्या ऑफिसात गेले. तीन नंबरची खिडकी. काचेमागे एक मुलगी, हातात रुमाल, सर्दीने बेजार. मला "आजी" म्हणाली. माझं लग्न झालं नाही, मूल नाही, मी हिची आजी कशी झाले? पण मुलगी नीट बोलते. माझा अर्ज उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, "मालकाची सही?" म्हटलं, मालक दिवाळं काढून पळाला. "मग दोन साक्षीदार लागतील, आजी. तुमच्याच विभागाच्या हजेरीपटावरचे. स्वतः यायला हवेत. आणि एका माणसाला दोनदाच साक्षीदार होता येतं, त्यामुळे ज्यांच्या दोन्ही सह्या झाल्यात ते चालणार नाहीत."

मग ती अगदी समजुतीने म्हणाली, "नियम जरा जाचक आहे. कोणी केला कोण जाणे."

मी केला, बाळ.

सोळा वर्षांपूर्वी एका दलालाने आपल्या अकरा बायांचा फंड खोट्या अंगठ्यांवर काढला. साक्षीदार दरवेळी तोच, भाड्याचा. मी त्या ऑफिसच्या पायऱ्यांवर चार दिवस बसले. माझी मागणी शब्द न् शब्द मान्य झाली — साक्षीदार त्याच विभागाचा, समक्ष, आणि दोनदाच. तेव्हा मला खांद्यावर घेतलं होतं बायांनी. तो कागद आता खिडकीशेजारी काचेत लावलाय. माझीच भाषा. "समक्ष" हा शब्द मीच घातला होता.

निघताना मुलीने आठवण केली, "दहा वर्षं पुरी झाली की बंद कंपन्यांची खाती मिटतात. तुमची एकतीस मार्चला. त्यानंतर काही मिळत नाही हं."

दोन माणसं हवीत. मी पाच हजार माणसांपुढे बोलले आहे. दोन म्हणजे काय मोठंसं.

९ फेब्रुवारी

डोळ्यांचा डॉक्टर. उजवा डोळा गेल्यातच जमा, हे मला माहीत होतं. डावाही त्याच वाटेवर आहे, हे आज कळलं. मागचा पडदा सुटतोय. "एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ऑपरेशन करून घ्या. मोफतच्या रुग्णालयात नंबर लावला तर आठ महिने." आठ महिन्यांनी काय करायचं, विचारलं. तो चष्मा पुसू लागला.

सत्तावीस वर्षं केसाहून बारीक तार चिमट्याने उचलून दोन खुंट्यांवर बसवायची. मिनिटाला चार. हे त्याचं फळ. फंडाचा पैसा ऑपरेशनला नेमका पुरतो. उरत काही नाही. उरायला हवं असंही काही नाही.

पण वाचता यायला हवं. प्रुफं तर पोटासाठी. बाकी भिंतीला लागून रचलेले खंड कोणासाठी आहेत? इतिहासाचा तिसरा खंड अर्धा राहिलाय. कोण जिंकलं ते माहीत आहे, तरी वाचायचंय.

१२ फेब्रुवारी

पहिल्यांदा उंचीकडे गेले. आमच्या विभागातली सगळ्यात उंच बाई, आता कमरेत वाकलेली. हात धरून बसवलं, चहा दिला. सहीचं काढलं तर चेहरा पडला. "ताई, माझ्या दोन्ही झाल्या हो. एक बहिणीला, एक बोळकीला. तुम्ही कधी मागितलीच नाही. आम्हाला वाटलं, तुमचं केव्हाच झालं असेल."

मी म्हटलं, मी फाटकावर शब्द दिला होता ना.

"हो का?" ती म्हणाली. "त्या दिवशी फार गोंधळ होता."

१३ फेब्रुवारी

आणखी दोघींकडे गेले. दोघींच्या दोन्ही झाल्या. एकीच्या सुनेने दारातच विचारलं, "तुम्ही कोण?"

१५ फेब्रुवारी

यादीत प्रत्येकीपुढे मी दोन बारीक रेघा मारून ठेवल्या होत्या, हे आज आठवलं. साक्ष दिली की एक रेघ खोडायची. सगळी यादी डाव्या डोळ्याला भिंग लावून बघितली. एकोणीस वारल्या. बाकीच्यांच्या दोन्ही रेघा खोडलेल्या. रेघ शिल्लक असलेली एकच बाई — धाकटी. एक.

माझी स्वतःचीही एक उरली आहे. स्वतःसाठी चालत नाही.

धाकटीकडे गेले. ती आमच्यात वयाने लहान म्हणून धाकटी. आता तिचीही पन्नाशी उलटलीय. वाचायला मी शिकवलं तिला, जेवणाच्या सुटीत, पॅकिंगच्या पुठ्ठ्यांवर. आधी स्वतःचं घर होतं. आता तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या एका खोलीत. कडी वाजवली. आत रेडिओ चालू होता, तो बंद झाला. दार उघडलं नाही.

१६ फेब्रुवारी

पुन्हा गेले. पडदा हलला.

१७ फेब्रुवारी

पुन्हा. खाली आल्यावर वर पाहिलं. ती खिडकीत होती. आत सरली.

मला माहीत आहे तिच्या मनात काय आहे. लिहून टाकते, इथे कोण ऐकतंय. कारखाना बंद व्हायच्या आधी मालकाने देऊ केलं होतं — राजीनाम्यावर सही करा, एकरकमी घ्या, घरी जा. मी म्हणाले, एकही सही नको. ही भीक आहे, आपला हक्क याच्या तिप्पट आहे. धाकटी त्या आठवड्यात एकटी भेटायला आली होती. "ताई, घराचा हप्ता आहे. घेऊ का मी?" मी सांगितलं, नको. सात महिन्यांनी मालकाने दिवाळं काढलं. एकरकमी गेली, तिप्पटही गेली, फक्त फंड राहिला. तिचं घर गेलं.

मालकाने लुबाडलं. मी नाही. हे मी दहा वर्षं सांगत आले आहे आणि ते खरंच आहे. भीक नाकारणं चूक असू शकत नाही.

१८ फेब्रुवारी

आज कोणाशी एक शब्दही बोलले नाही. संध्याकाळी लक्षात आलं, तेव्हा घसा खाकरून पाहिला.

२२ फेब्रुवारी

टाइमकीपर! कसा विसरले? तो विभागाच्या हजेरीपटावर होता, शेवटच्या ओळीत. यादी बायांची म्हणून त्याचं नाव मी घेतलं नव्हतं. आणि दोन मिनिटं उशीर झाला तर अर्धा दिवस कापणारा माणूस कोण लक्षात ठेवणार? त्याच्या नावाने मी घोषणा दिल्यात. यमक जुळवून.

बसथांब्यासमोरच्या बाकावर सापडला. चौऱ्याहत्तरीचा, काठी, खिशात लहान वही. बस आली की वेळ टिपतो. कोणी सांगितलेलं नाही.

"या बाई. चार मिनिटं उशिरा आली आज. ड्रायव्हर नवा आहे."

सहीचं सांगितलं. त्याला हसू आलं. "सत्तावीस वर्षं तुमची हजेरी मांडली. तुम्ही तुम्हीच आहात हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? तुमची पावलं जिन्यात ओळखायचो. मनात म्हणायचो, आला भोंगा."

म्हटलं, भोंगा म्हणायचे ते मला माहीत होतं.

"वाईट अर्थाने नाही हो. भोंगा वेळेवर वाजतो." मग म्हणाला, "एकच सही उरलीय माझी. दुसरी मेव्हणीला दिली. ही तुमची. सांगाल तेव्हा येतो. फक्त वेळ नक्की सांगा."

घरी येताना जिन्यात माझ्या पावलांचा आवाज ऐकला. कसा असतो तो, मला कधी कळलं नव्हतं.

२६ फेब्रुवारी

एक झाली. दुसरी कोणाची?

कोणाची ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पान उलटावं तसं ते नाव मी उलटत राहिले.

चिमटी.

चिमटा धरावा तर तिने. मिनिटाला सहा तारा. शेजारच्या बाकावर पंधरा वर्षं. तिचा नवरा आजारी पडला आणि तिने राजीनाम्यावर सही केली. विभागातली एकटी. रक्कम घेतली. दुसऱ्या दिवशी फाटकावर मी तिच्यावर बोलले. नाव घेतलं नाही, चिमटी म्हणाले, म्हणजे सगळ्यांना कळावं. अर्धा तास बोलले असेन. तिचं नाव यादीतून मी शाईने खोडलं — कागद फाटेस्तोवर. म्हणून अठ्ठावन्न. मुळात एकोणसाठ होत्या.

तिच्या दोन्ही सह्या शाबूत असणार. कोण मागायला जाणार होतं?

१ मार्च

गेले नाही.

२ मार्च

निघाले होते. पाऊण वाटेवरून परत आले. प्रुफं आहेत, असं स्वतःला सांगितलं. प्रुफं होतीच. एका पानात चार चुका सुटल्या. छापखान्याच्या मालकाने फोन करून मोजून सांगितल्या.

६ मार्च

गेले.

घड्याळांच्या दुकानामागे खोली आहे तिची. त्या दुकानातच ती घड्याळं दुरुस्त करते. दार उघडंच होतं. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, समोर उघडलेलं मनगटी घड्याळ. हात तसाच, जरा म्हणून हलत नाही. मला हेवा वाटला.

"कोण?" वर न बघता.

"मी."

"मी म्हणजे? नंबर सांग. फंडाच्या ऑफिसात असंच विचारतात." मग भिंग काढलं. "बस. उभ्याने बोलायची सवय आहे तुला, तरी बस."

बसले. मी बोलायला सुरुवात केली. कारखान्याचा इतिहास, नियम, मुदत. तिने हात वर केला. "अगं, काय पाहिजे ते सांग."

"सही."

"मी एकदा सही केली होती. महागात पडली."

समोरच्या घड्याळाकडे बघत राहिले. आतलं चाक अडलं होतं, तिने चिमट्याच्या टोकाने ते मोकळं केलं. फिरू लागलं.

"डोळ्यांसाठी ना?" ती म्हणाली. "टाइमकीपर घड्याळ घेऊन आला होता, त्याने सांगितलं. गुरुवारी दुकानाला सुटी. येते."

"काही विचारणार नाहीस?"

"विचारलं तर तू उत्तर देशील. मला सहाच्या आत हे द्यायचंय."

दारापर्यंत पोचवायला आली. म्हणाली, दुकान मार्चअखेर बंद होतंय. घड्याळं आता कोणी दुरुस्त करत नाही, नवीन घेतात. मग काय करणार, मी विचारलं. "बघू," म्हणाली.

आनंद व्हायला हवा होता. दोन माणसं झाली.

१२ मार्च

सावकाश लिहिते. अक्षर वरखाली जातंय.

साडेदहाला तिघे खिडकीवर. टाइमकीपर दहा पंचवीसला हजर. चिमटी बरोबर साडेदहाला, त्याला मुद्दाम मनगट दाखवत — "मांडा हजेरी." तो हसला. मीही. तीन म्हाताऱ्या माणसांना बाकावर हसताना बघून खिडकीवरची मुलगीही.

चिमटीने माझ्या अर्जावर सही केली. साक्षीदार क्रमांक एक. मुलीने तिचा नंबर यंत्रात घातला. टाइमकीपरने पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "मावशी, तुमचं स्वतःचं खातं अजून उघडंच आहे की. अर्ज आहे, नऊ वर्षांपूर्वीचा. साक्षीदारांच्या जागा दोन्ही रिकाम्या."

"माहितेय," चिमटी म्हणाली.

"एकतीस मार्चनंतर नाही मिळणार. याच कंपनीचं ना?"

"माहितेय म्हटलं ना, बाळ. हिचं कर आधी."

माझ्याकडे बघितलं नाही तिने. टाइमकीपरने बघितलं. त्याचं पेन हवेत.

मी अर्ज काचेखालून ओढून घेतला. म्हटलं, आज राहू दे. यात मोठेपणा काही नव्हता, लिहून ठेवते. भीती वाटली. कसली ते तेव्हा कळलं नाही. टाइमकीपर चिडला. "अहो, मला इथवर आणलंत!" पेनाला टोपण लावलं.

जिन्यात चिमटीला गाठलं. नऊ वर्षं का नाही काढलास?

"दोन माणसं मिळाली नाहीत."

"एवढ्या मोठ्या विभागात?"

ती थांबली. कठड्याला धरून, अगदी साध्या आवाजात — "अठ्ठावीस जणींकडे गेले. धाकटीने बसवलं, पाणी दिलं. म्हणाली, ताई बोलल्यात ना फाटकावर, जिने राजीनाम्यावर सही केली तिच्यासाठी आपल्यातली एकही बाई सही करणार नाही. आता आम्ही काय करणार? — तुला आठवत नसेल. तू खूप बोलायचीस."

आठवतं. भाषणाचं शेवटचं वाक्य होतं. आधीच्या वाक्याने टाळी नीट आली नव्हती, म्हणून जोर यावा यासाठी घातलं. ते कोणी इतकी वर्षं पाळेल असं मनातही नव्हतं.

टाळी आली होती.

१३ मार्च

यादी समोर ठेवून बसले. अठ्ठावन्न खुणा. शेवटच्या बाईला मिळेपर्यंत, मी म्हणाले होते. मिळालेलाच नाही. मोजताना मी तिला धरलंच नव्हतं.

आणि दहा वर्षं स्वतःला शब्दाची पक्की समजत होते!

१४ मार्च

हिशेब साधा आहे. चिमटीची एक सही माझ्या अर्जावर झाली. तिच्या अर्जाला दोन हव्यात. एक मी देऊ शकते, माझी एक उरलीय. दुसरी टाइमकीपरची. पण त्याच्याकडे एकच आहे, आणि धाकटी दार उघडत नाही. ती माझ्या अर्जावर पडली तर डोळा. तिच्या अर्जावर पडली तर तिचा फंड.

नियमात फट शोधली. दोन तास. माझाच नियम. चांगला बांधलाय.

१५ मार्च

डॉक्टरकडून फोन. तीन एप्रिलची वेळ ठेवलीय, पैसे आदल्या दिवशीपर्यंत भरायचे. "आजी, पुढे ढकलू नका." हो म्हटलं.

दिवसभर मनात एक भाषण तयार होत होतं. मी तिच्याइतकीच गरजू आहे. तिने रक्कम तरी घेतली होती, मला काय मिळालं? माझ्या डोळ्यांनी मी अजून चार जणींची कामं करीन. मुद्दे एकापेक्षा एक. कोणीही टाळी दिली असती. संध्याकाळी ते भाषण स्वतःला म्हणून दाखवलं. शेजाऱ्याने थाप मारली नाही, कारण मी कुजबुजत होते. आयुष्यात पहिल्यांदा.

१७ मार्च

चिमटीकडे जाऊन सांगितलं, टाइमकीपरची सही तू घे.

"नको तुझे उपकार."

उपकार नाहीत, तुझाच पैसा आहे, म्हटलं.

"नऊ वर्षं माझाच होता." भिंग डोळ्याला, चिमटा हातात, पण काम करत नव्हती. "आता तुला दयाळू व्हायचंय. तेही मीच करू द्यायचं का? जा. माझी सही झालीय तुझ्या अर्जावर, ती मी मागे घेत नाही. दुसरी त्याची घे आणि डोळा वाचव. नाहीतर दोघींचं बुडेल, आणि त्यावरही तू बोलशील."

शेवटचं वाक्य बोलताना जरा हसली असं वाटलं. डोळ्यांचा भरवसा नाही.

बरंच काही म्हणता आलं असतं. उठून आले.

२० मार्च

बाकावर टाइमकीपरजवळ बसले. तीन बसा गेल्या. त्याने तिन्ही टिपल्या.

"बाई, मला काही समजावून सांगू नका," तो म्हणाला. "कुठे सही करायची ते दाखवा. हजेरीपटावर ती तुमच्या आधीची आहे, दीड वर्षाने. मला विचाराल तर क्रमाने जावं."

मग जरा वेळाने, "तुमच्या डोळ्याचं काय?"

म्हटलं, बघू.

२४ मार्च

चिमटीला सांगितलं नाही. तिचा अर्ज नऊ वर्षं तिथेच आहे, साक्षीदार केव्हाही येऊ शकतात — मुलीला विचारून घेतलं होतं. साडेदहाला आम्ही दोघं. पिवळा पडलेला कागद. तिचं अक्षर बारीक, सरळ, तारेसारखं. साक्षीदार क्रमांक एकपुढे मी सही केली. "अर्जदार बाईंना मी व्यक्तिशः ओळखते आणि त्या त्याच आहेत." हे वाक्यही माझंच, सोळा वर्षांपूर्वीचं. तेव्हा दलालाला अडवायला लिहिलं होतं. दोनदा वाचलं. मग खाली नंबर घातला.

क्रमांक दोनवर टाइमकीपर. सहीखाली त्याने वेळही लिहिली. कोणी विचारली नव्हती.

मुलीने शिक्का मारला. "दोन दिवसांत जमा होतील मावशींच्या खात्यात." मग माझ्याकडे बघून हळूच, "आजी, आणि तुमची दुसरी?"

अजून सात दिवस आहेत, म्हटलं.

बाहेर ऊन होतं. उजव्या बाजूचं जग आता जवळपास नाहीच. टाइमकीपर माझ्या उजवीकडे आला आणि रस्ता ओलांडेपर्यंत तिथेच चालला.

२५ मार्च

चिमटी आली होती. ऑफिसातून तिला कळवलं असावं. दारात उभी राहिली, आत आली नाही. मी बस म्हणाले नाही, तिने मागितलं नाही. शेवटी म्हणाली, "धाकटीची एक सही शिल्लक आहे ना?"

हो म्हटलं. ती दार उघडत नाही.

"तू जाऊन बोललीस का तिच्याशी?"

दार उघडलं तर बोलीन ना.

"बोलू नकोस," ती म्हणाली. "लिही."

२६ मार्च

चिठ्ठी. धाकटीच्या दाराखालून आत सरकवायची. इथे आधी उतरवून ठेवते.

धाकटे, त्या आठवड्यात तू विचारलंस, घेऊ का मी? मी "घे" म्हणायला हवं होतं. मालकाने लुबाडलं ते खरं, पण तुझं घर माझ्या शब्दामुळे गेलं. मी चुकले. हे वाचून दार उघडायची गरज नाही. सोमवारी, तीस तारखेला, सकाळी साडेदहाला फंडाच्या ऑफिसात तीन नंबरच्या खिडकीवर ये. माझी बाजू घेऊ नकोस, माझ्याशी बोलू नकोस. तू मला ओळखतेस, एवढी सही करून जा.